सुया ओवून ठेवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. माझ्या बायकोचं दिवसकार्य उरकल्यावर आमचा मुलगा पाकीट आणि साडी घेऊन तुमच्याकडे आला होता, तर तुम्ही दोन्ही परत पाठवलंत. ‘माझा पगार मला मिळाला की,’ एवढंच म्हणालात. इंजेक्शन, ड्रेसिंग, औषधं, अंग पुसणं यांचा पगार तुम्हाला मिळाला असेल. पण त्याशिवाय तुम्ही आमच्या घरात जे केलंत ते कुठल्याच बिलावर नव्हतं, आणि त्याचे आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही. उघड लिहितोय त्याला आणखी एक कारण आहे. कोल्हापुरात किंवा आसपासच्या गावात आजही कुणाच्या तरी घरी हिच्यासारखीच एखादी बाई खाटेवर पडून असेल. तिच्या माणसांच्या हाती हे पत्र पडावं, असं फार वाटतं.

तुम्ही हिला पाहिलंत ते आजारपणातच. त्याआधीची ही कशी होती, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

हिचं माहेर भुदरगड तालुक्यातलं. शाळा सातवीपर्यंत झालेली. लग्न होऊन मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा माहेरच्या ट्रंकेत साड्या कमी आणि चिंध्यांची गाठोडी जास्त होती. आजीनं शिकवलेली एक विद्या हिला येत होती, वाकळ म्हणजे गोधडी शिवायची. आमची आई आधी नाराज होती, नवी सून आणि चिंध्या कसल्या घेऊन बसते म्हणून. मग पहिल्याच हिवाळ्यात आईच्याच जुन्या लुगड्यांची वाकळ हिनं आईच्या अंगावर घातली. तेव्हापासून आई स्वतः गल्लीत फिरून जुनी पातळं गोळा करून आणायला लागली.

वाकळ शिवताना तुम्ही हिला पाहिलंत ते मांडीवर लहान तुकडा घेऊन. पूर्वी सगळी खोली लागायची. खाली लुगड्याचा तळ अंथरायचा, त्यावर विरलेली धोतरं आणि चादरी, सगळ्यात वर रंगीत तुकड्यांची जोडणी. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, पितळेची इस्त्री, जे जड हाताला लागेल ते ठेवायचं. कच्चे टाके घालून थर एकमेकांना बांधून घ्यायचे. मग काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचं. आम्ही जेवायला बसायचो ते भिंतीला चिकटून, कारण वाकळ मधे पसरलेली असायची आणि ती गुंडाळून ठेवली की टाक्यांची ओळ बिघडते, असं हिचं म्हणणं.

मी उद्यमनगरात आयुष्यभर पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडाचे नमुने करणारा. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न मीटरमागे साधारण १० मिलिमीटर मोठा करावा लागतो. हे मी उस्तादाच्या हाताखाली शिकलो. ही वरचं कापड तळापेक्षा चार बोटं जास्त घ्यायची. का म्हणून विचारलं तर म्हणाली, “टाका वडतोय की कापडाला. आकसणार ते.” त्या दिवसापासून मी हिच्याकडे कारागीर म्हणून बघत आलो. आमच्या धंद्यात हा मोठा मान आहे आणि तो मी फार कमी लोकांना दिला.

आई सीपीआर हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाची एक गोष्ट. ही दुपारचा डबा द्यायची आणि आई झोपली की समोरच्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन बसायची. तिथली आबालाल रहिमान यांची चित्रं हिनं पुन्हा पुन्हा बघितली. आबालालांच्या पाण्यात हिरवा आणि निळा एकमेकांत कसे मिसळतात, ते मला घरी येऊन सांगायची. त्यानंतरच्या वाकळीत हिनं लाल-पिवळं जवळजवळ घेतलंच नाही. मळकट हिरवा, धुरकट निळा आणि मधे एकच पांढरी पट्टी. शेजारणी म्हणाल्या, अगं ही अशी उदास का केलीस? ही म्हणाली, “सकाळचा रंकाळा हाय ह्यो, थंडीतला.” आश्रयदाते शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली, असं गावात सांगतात. ते ऐकून हिला दिवसभर जेवण गेलं नव्हतं. “एवढं केलेलं पाण्यात? कुणाला तरी द्यायचं की,” एवढंच म्हणत राहिली.

आपल्या गावाला कलापूर म्हणतात. बाबूराव पेंटरांनी इथं आपल्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्याचा मलाही अभिमान आहे. त्याच कलापुराच्या पेठापेठांतून किती बायका जमिनीवर बसून रंगांचा असा विचार करत असतील, त्यांचीही नावं घ्यायला हवीत. हिच्यापुरतं तरी ते काम मी आज करतोय.

मुलगी तीन वर्षांची असताना हिनं तिच्यासाठी बाराखडीची वाकळ केली. प्रत्येक चौकोनात एक अक्षर, वेगळ्या कापडाचं कापून शिवलेलं. ‘ठ’चं वाटोळं पोट माझ्या जुन्या खाकी पँटचं, ‘श’ आईच्या इरकलीच्या काठाचा. लेक त्याच्यावर पालथी पडून बोटानं अक्षरं गिरवायची. शाळेत घातली तेव्हा तिला सगळी अक्षरं हाताला ओळखीची होती. मुलाला स्नेहसंमेलनात झाड व्हायचं होतं, तर हिनं पोत्याचं खोड केलं आणि पानांना तारा घातल्या, म्हणजे तो हलला की पानं हलावीत. गौरीच्या दिवसांत तर घरात पाय ठेवायला जागा नसे. तेरड्याच्या गौरी आणायला पोरी पाणवठ्यावर निघाल्या की गाणी हिची. दरवर्षी एखादं कडवं नवीन जोडलेलं, त्यात गल्लीतल्या कुणाचं तरी नाव गुंफलेलं. ज्या घरात त्या वर्षी दुःख झालं असेल त्या घरच्या बाईचं नाव आधी.

मंदीत आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी महिनोन्महिने घरी होतो. त्या काळात फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवून हिनं घर चालवलं, दोघांच्या फिया भरल्या, आणि माझ्यासमोर पैशाची गोष्ट एकदाही काढली नाही. याच्यावर जास्त लिहू शकत नाही, सिस्टर. लिहायला घेतलं की हात थांबतो.

२०१९ चा पूर तुम्हालाही आठवत असेल, तुमचं गाव तर नदीकाठचं. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी आधी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, मग ४३ ची धोक्याची, आणि तरी पाणी थांबेना. शेवटी ५५ फुटांच्या वर गेलं. आमची पेठ वाचली. ही उठली आणि कपाटावरच्या, ट्रंकेतल्या, माळ्यावरच्या सगळ्या वाकळा काढून शाळेच्या वर्गात थांबलेल्या माणसांना वाटून आली. थंडीतल्या रंकाळ्याचीही गेली. मी म्हटलं, ती एक तरी ठेवायची होतीस. हिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “वल्ल्या अंगाला रंग बघून देऊ व्हय?”

म्हणून तुम्ही आलात तेव्हा घरात हिच्या हातची एकच मोठी वाकळ होती, हिच्याच खाटेवर. तुमची नजर आधी तिच्यावर गेली, हे मी पाहिलं होतं.

आजाराचं तुम्हाला मी काय सांगणार. अंडाशयाचा कॅन्सर. पोट फुगतंय, भूक मरतेय, गॅस असेल म्हणून आधी घरगुती औषधं झाली. या रोगाची लक्षणं अशी साधीच असतात आणि बऱ्याचदा तो पुढं गेल्यावरच कळतो, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. ऑपरेशन झालं, किमो झाली. पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधानं केस गेले, त्याचं हिनं काही वाटून घेतलं नाही, उरलेल्या ब्लाऊजपिसाच्या टोप्या शिवायला बसली. पण त्याच औषधानं बोटांची टोकं बधिर झाली. आधी मुंग्या, मग चहाचा कप गरम आहे की गार हेही बोटाला कळेना. ब्लाऊजचा हुक लागेना. सुई हातातून कधी गळली हे समजेना. एक दिवस हिनं सुयादोऱ्याचा पत्र्याचा डबा झाकण लावून खाटेखाली सरकवला. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, आता आराम करा, आयुष्यभर केलंत. सगळे मायेनंच म्हणायचे. ही मान हलवायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

आजार उलटला, पोटात पाणी व्हायला लागलं, आणि तुम्ही आमच्या घरी यायला लागलात.

तुम्ही पहिल्याच दिवशी ड्रेसिंग झाल्यावर वाकळीचा काठ उलटून टाके बघितलेत. “काकू, कुणी शिवली?” “मीच की.” “मग आता का बंद?” हिनं दोन्ही हात तुमच्यापुढे धरले. तुम्ही एकेक बोट दाबून बघितलंत, कुठपर्यंत कळतंय आणि कुठून कळत नाही ते विचारलंत. कुणी सुयांचं नाव काढू देत नव्हतं आणि तुम्ही सुयांचाच हिशोब मांडायला बसलात.

ते सगळं मी इथं सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

तुम्ही डॉक्टरांना फोन करून विचारलंत. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी असतील तर सुई टोचणं धोक्याचं, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट चांगला असेल तेव्हाच शिवायचं, हे ठरलं. नसेल तेव्हा हिनं तुकडे निवडायचे, रंग लावून बघायचे, आणि लेकीनं आल्यावर टाचून द्यायचे. बँकेत नोटा मोजताना बोटात घालतात ती रबरी टोपी तुम्ही आणलीत. त्यानं बधिर बोटातली सुई घसरायची थांबली. मोठ्या नेढ्याच्या सुया आणल्यात. आणि संध्याकाळी निघण्याआधी, तुमची एस.टी. चुकायची वेळ आलेली असताना, खुर्चीत बसून वीस सुया ओवून एका उशीत रांगेनं खोचून ठेवायला लागलात. पाच हिरव्या दोऱ्याच्या, पाच पांढऱ्या, बाकीच्या हिनं सांगितलेल्या रंगाच्या. दुसऱ्या दिवशी आल्यावर वीसच्या वीस मोजून घ्यायचात.

मी म्हणालो होतो, सिस्टर, सुया मी ओवून देईन की, हाक मारली की. तुम्ही मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलंत, “काका, दर वेळी हाक मारायची म्हणूनच त्या शिवायचं सोडतील.” हिच्याबरोबर इतकी वर्षं संसार केलेल्या मला ते एका वाक्यात पटलं. ही कुणाकडे काही मागणारी बाईच नव्हती.

पुढची अडचण एअर बेडची. पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी हवी, आणि त्या गादीवर सुई पडली तर गादी गेली. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. “काका, तुम्ही लाकडातले ना? मांडीवर ठेवायला काहीतरी करा.” तोपर्यंत मी त्या खोलीत नुसता उभा असायचो. पाणी हवं का, पंखा लावू का, एवढंच विचारत. त्या रात्री मी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. प्लायचा पाट केला, पोटाच्या बाजूला कमानीसारखा कापला म्हणजे पोटाला टेकू नये, कडेनं अर्ध्या इंचाची पट्टी मारली, वर फ्लॅनेल चिकटवलं आणि उजव्या कोपऱ्यात खालून लोहचुंबक बसवलं. सुई सुटली की तिकडं ओढली जायची. पॉलिश पेपर मारता मारता पहाट झाली. हिनं पाटावरून हात फिरवला, कडा तपासल्या आणि म्हणाली, “फिनिशिंग झ्याक हाय.” आयुष्यात मला मिळालेलं याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. ते तुमच्यामुळे मिळालं, सिस्टर.

दुखणं वाढलं तेव्हा मॉर्फिनची गोष्ट निघाली. पाहुण्यांत लगेच कुजबुज सुरू झाली, ती नशेची गोळी, तिची सवय लागते, ती दिली म्हणजे संपलंच. तुम्ही सगळ्यांना बसवून सांगितलंत की दुखण्याच्या मापानं, डॉक्टरांच्या हिशोबानं दिली तर माणूस व्यसनी होत नाही. दुखायला लागल्यावर द्यायची नाही, घड्याळ लावून द्यायची, म्हणजे दुखणं डोकं वर काढतच नाही. बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याचं औषध सोबत सुरू करायचं. २०१४ साली कायदा बदलल्यापासून मान्यता असलेल्या दवाखान्यांना हे औषध ठेवणं सोपं झालंय, तरी अजून कितीतरी घरांत माणसं विनाकारण कळा सोसतात, असं तुम्ही म्हणालात तेव्हा तुमचा आवाज चढला होता. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ही तासभर उठून बसली आणि शिवली. जे लोक गोळी नको म्हणत होते त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसांत मुलगा पुण्याहून यायचा, लेक इचलकरंजीहून. एरवी आजारी माणसाजवळ बसून काय बोलायचं हे सुचत नाही. आमच्याकडे बोलायला विषय होता. हा तुकडा कुणाच्या शर्टाचा, ते परकर कुठल्या यात्रेत घेतलेलं. मुलाला आपल्या झाडाच्या खोडाचं उरलेलं पोतं सापडलं. नातीनं बाराखडीची वाकळ आणली, तिच्यातला ‘ज्ञ’ उसवला होता, तो आजीनं दुरुस्त केला. त्याचे टाके जुन्या टाक्यांपेक्षा मोठे आणि तिरके आहेत. लेक म्हणते, ते कधी उसवायचे नाहीत.

एकदा तुम्ही उशिरा आलात, पाऊस होता, राधानगरी रोडला झाड पडलं होतं. हिनं तुम्हाला आधी आल्याचा चहा घ्यायला लावला. मग म्हणाली, “मी काय नुसता पडून राहतो व्हय गं? बघ, दोन वळी झाल्या.” त्या दोन ओळी तुम्ही बल्ब लावून, अगदी जवळ जाऊन बघितल्यात. एवढं करून घाईघाईनं बरं म्हटलं असतं तरी चाललं असतं, तुमच्यापुढे ढीगभर कामं होती. तुम्ही मात्र पाचव्या टाक्याशी दोरा कुठं वळलाय ते विचारलंत. हिला शिकवायला मिळालं. खाटेवरच्या माणसाकडे कुणी शिकायला येत नाही, सिस्टर, औषध घेऊनच येतात.

ही गेली श्रावणात, घरीच, आम्ही सगळे जवळ असताना. तुम्ही त्या दिवशी सुट्टीवर होता तरी आलात. अंघोळ घालताना, वेणी घालताना तुमचे हात नेहमीसारखेच चालत होते, त्यामुळे माझी लेकही उभी राहू शकली. तेही तुमचे उपकार.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात तुमची मुलगी तुमच्याबरोबर आमच्याकडे आली होती. हिनं तिला खाटेशेजारी उभं करून दोऱ्यानं तिची उंची मोजून घेतली, ते तुम्हाला वाटलं खेळ चाललाय. तो खेळ नव्हता. डब्यात तो दोरा गाठ मारून ठेवलेला सापडला, आणि त्याच्या मापाची वाकळ सुद्धा, घडी करून, वर तुमचं आडनाव लिहिलेली चिठ्ठी टाचून. पिवळी आणि जांभळी आहे, पोरींना आवडतात तसली. तीन बाजू पूर्ण झाल्यात. पाकीट आणि साडी तुम्ही परत केलीत, ते मला मान्य आहे, तो तुमचा स्वभाव. ही परत करायची नाही, कारण ती आमची नाहीच.

भाद्रपदात गौरी येतील. यंदा आमच्याकडे सण नाही, पण भाजी-भाकरी आणि अळूच्या वड्या लेक करणार आहे, आईला आवडायच्या म्हणून. तुम्ही जेवायलाच या, आणि येताना मुलीला घेऊन या. तिचं माप मे महिन्यातलं आहे, पोरं या वयात झपाट्यानं वाढतात, आता ते कमी पडेल. चौथी बाजू तशीही राहिलीय. तिथं जांभळी पट्टी जोडून घ्यायची असं लेकीनं ठरवलंय. ती दोरा घेऊन बसेल, तुम्ही मुलीला उभी करा, किती लागेल ते मी मोजून देतो.

आपला नम्र,
काकूंचे काका
मंगळवार पेठ, कोल्हापूर